चित्राचे थर

कुठल्याही गावाच्या चौकात आज एक तरी फ्लेक्स असतोच. मधोमध वाढदिवसवाले नेते, मागे उगवता सूर्य, बाजूला वाघ आणि खाली गोल चौकटींत शुभेच्छुकांची पाच-पंचवीस तोंडे. यातले कोणीही कधी एकमेकांशेजारी उभे राहिलेले नसते. डीटीपीच्या दुकानातला मुलगा संगणकावर हे सगळे एकावर एक ठेवतो. त्या प्रत्येक थराला तो ‘लेयर’ म्हणतो. मी कविता लिहिणारा माणूस. मुखपृष्ठाच्या निमित्ताने अशा मुलांशेजारी स्टुलावर बसण्याची वेळ माझ्यावर अधूनमधून येते. पडद्यावरच्या डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की एक थर गायब होतो, पुन्हा मारली की परत येतो. जादूच ती. पण ही जादू वाटते तितकी नवी नाही.

१८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने ‘द टू वेज ऑफ लाइफ’ नावाचे एक भव्य छायाचित्र प्रदर्शनात मांडले. सद्‌वर्तन आणि चैन या आयुष्याच्या दोन वाटा त्यात होत्या. माणसे वेगवेगळी टिपलेली होती. सुमारे ३० निगेटिव्ह जोडून त्याने ते एक चित्र केले होते. फोटो म्हणजे सत्य, हा समज तेव्हाच डळमळायला हवा होता.

आपल्याकडे पाहायचे तर राजा रविवर्मा यांचा छापखाना आठवावा. १८९४ साली तो मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घराघरांत पोहोचलेल्या लक्ष्मी-सरस्वती तिथेच छापल्या गेल्या. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवर अगदी नेमक्या जागी बसवावा लागतो. जरा सरकला, की ओठांचा लाल रंग गालावर गेलाच म्हणून समजा. पिवळ्यावर निळा, त्यावर लाल, असे हे थरच होते. मात्र एकदा छापलेला थर कागदावरून उचलता येत नसे.

थर उचलता येण्याची सोय कार्टूनपटांनी केली. १९१४ साली अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी एका युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पात्र पारदर्शक पत्र्यावर काढायचे आणि तो पत्रा मागच्या देखाव्यावर ठेवायचा. पात्र हलले तरी झाड आणि घर दर वेळी नव्याने काढायला नको.

संगणकाला हा पत्रा ठाऊक नव्हता. त्याच्या लेखी चित्र म्हणजे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला तांबड्या, हिरव्या, निळ्या रंगाचे तीन आकडे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमधल्या संशोधनसंस्थेत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी त्यात चौथा आकडा घातला. हा ठिपका किती झाकतो आणि खालचे किती दिसू देतो, ते हा आकडा सांगतो. त्याला ‘अल्फा’ म्हणतात. पुढे १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एक चित्र दुसऱ्यावर ठेवण्याचे गणित नीट मांडले. काचेसारखे आरपार दिसणे आता आकड्यात आले.

फोटोशॉपची कथा याच सुमारास सुरू होते. मिशिगन विद्यापीठात संशोधन करणारा थॉमस नोल आणि चित्रपटांतल्या करामती करणाऱ्या कंपनीतला त्याचा भाऊ जॉन, अशी ही जोडी. वडिलांच्या घरच्या डार्करूममध्ये थॉमस फोटो धुवायला शिकला होता. या भावांचा प्रोग्रॅम अडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणला. गंमत म्हणजे त्यात लेयर नव्हते. चिकटवलेला तुकडा सोडला, की तो खालच्या चित्रात कायमचा मुरून जाई. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत लेयरला सावली आणि उठाव देण्याची तयार सोय आली. सावलीची रीत सोपी आहे. त्याच आकाराची काळी प्रत काढायची, ती धूसर करायची, थोडी सरकवायची आणि खाली ठेवायची. सपाट अक्षर लगेच कागदावरून उचलल्यासारखे दिसते. २००० च्या सहाव्या आवृत्तीत आकारांचे लेयर आले. ते ठिपक्यांऐवजी बिंदू आणि वक्ररेषांनी लक्षात ठेवले जातात, म्हणून वर्तुळ कितीही मोठे केले तरी त्याची कड फाटत नाही. या वक्ररेषांना रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांचे नाव आहे. मोटारींच्या अंगाची वळणे गणितात बसवताना त्यांनी त्या वापरल्या होत्या.

पाचव्या आवृत्तीने आणखी एक खिडकी दिली. केलेले काम पायरी-पायरीने मागे नेणारी. तिचे नाव ‘हिस्टरी’, म्हणजे इतिहास. मला हे नाव फार बोलके वाटते. कवीच्या वहीत खोडलेली ओळ खोडलेली म्हणून तरी दिसते. चित्र पूर्ण झाले, की मात्र सगळे थर एकात दाबून सपाट केले जातात आणि खिडकीतला इतिहास फाइल बंद करताच पुसला जातो. करणाऱ्याला सगळे थर ठाऊक असतात. पाहणाऱ्याच्या हाती फक्त वरचा पापुद्रा येतो.

दोष संगणकाचा नव्हे. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी उभा असलेला निकोलाय येझोव्ह त्याच मूळ फोटोतून पुढे नाहीसा झाला. १९४० मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला होता. त्याच्या जागी पाणी रंगवले गेले. तेव्हा फोटोशॉप कुठे होते? फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने उभ्या मुखपृष्ठावर मावावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, तेही फोटोशॉपच्या आधीच. अशा कामाला पूर्वी सत्तेचा किंवा मोठ्या संस्थेचा हात लागत असे. आता ते चौकातल्या दुकानात होते, एवढाच फरक. पण हा फरक लहान नाही.

आता याच दुकानात लोक आणखी एक काम घेऊन येतात. लग्नाच्या फोटोत वारलेल्या वडिलांना मुलीशेजारी उभे करून द्या, म्हणतात. मुलगा जुन्या पासपोर्ट फोटोवरून चेहरा कापतो, प्रकाश जुळवतो, पायाशी सावली टाकतो. त्याला खोटे म्हणायला माझी जीभ वळत नाही. येझोव्हला पुसणारा हात आणि वडिलांना परत आणणारा हात एकच हत्यार वापरतात. पण पहिल्याला थर लपवायचाच असतो. दुसऱ्याला लपवण्याचे काही कारण नसते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की असा फोटो करून घ्याल तेव्हा दुकानदाराकडून थरांची मूळ फाइलही मागून घ्या. जुना पासपोर्ट फोटो टाकू नका. आणि भिंतीवरच्या तसबिरीच्या मागे पेनाने लिहून ठेवा : आजोबा या लग्नाला नव्हते, आम्हाला ते हवे होते. पन्नास वर्षांनी पाहणाऱ्या नातवाला खरे काय ते कळेल आणि माया किती होती, तेही कळेल.