झाशीच्या राणीचे रूप आणि लिहिणाऱ्यांच्या नजरा

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांच्याविषयी 1857 च्या उठावाच्या आगेमागे इंग्रजीत जे लिहिले गेले, त्यात त्यांच्या रूपाचा विषय हटकून येतो. मात्र त्या रूपाचा अर्थ राणींच्या वागण्यावरून नव्हे, तर लिहिणाऱ्याच्या राजकीय सोयीवरून ठरत गेला. राज्यकर्त्याच्या निर्णयांऐवजी त्याच्या देहाकडे वासनेच्या किंवा वासनेविषयीच्या संशयाच्या नजरेने पाहून त्याची लायकी ठरवणे, याला अभ्यासक लैंगिकीकरण म्हणतात, आणि झाशीच्या बाबतीत ते कसकसे घडत गेले याचा लेखी माग काढता येतो.

21 नोव्हेंबर 1853 रोजी राणींचे पती, झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर वारले आणि आदल्याच दिवशी घेतलेले दत्तक नामंजूर करून गव्हर्नर जनरल डलहौसीने 1854 मध्ये संस्थान खालसा केले, म्हणजे औरस वारस नसल्याच्या सबबीवर ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात सामील करून टाकले. या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी राणींनी जॉन लँग या बॅरिस्टरास झाशीला बोलावले. बोलणे पडद्याआडून चालले असता दत्तक पुत्र दामोदर याने पडदा बाजूला सारला आणि लँगला राणी क्षणभर दिसल्या. तेवढ्या दर्शनावर त्याने आपल्या 1859 च्या पुस्तकात डोळे, नाक, वर्ण, अंगकाठी, पांढऱ्या तलम वस्त्रातून जाणवणारा बांधा आणि न आवडलेला आवाज यांची जंत्रीच दिली. तरुणपणी हा चेहरा अधिक देखणा असावा, असेही त्याने नोंदवले आहे; राणींचे मराठी चरित्रकार पारसनीस यांनी दिलेले 1835 हे जन्मवर्ष खरे मानले, तर त्या वेळी राणींचे वय जेमतेम 19 होते. लँग हा अशिलाच्या बाजूचा माणूस, आणि कंपनीने देऊ केलेल्या पेन्शनीबाबत त्याने दिलेला सल्लाही व्यवहारी होता. तरीही गव्हर्नर जनरलला हे दर्शन घडले असते तर त्याने झाशी परत केली असती, असे तो राणींनाच म्हणाला. कायद्याच्या दाव्यात रूपाची अशी भर घालणे त्याला मुळीच गैर वाटले नाही.

जून 1857 मध्ये झाशीच्या जोखनबागेत सुमारे साठ युरोपीय मारले गेले आणि चित्र पालटले. सागरचे कमिशनर अर्स्किन यांनी त्यानंतरही कारभार राणींकडेच सोपवला होता, परंतु पुढे कत्तलीचा ठपका राणींवर आला. झाशीला वेढा घालणाऱ्या इंग्रज सेनापती ह्यू रोझच्या फौजेबरोबर आलेला लष्करी डॉक्टर थॉमस लो याने 1860 मध्ये त्यांना हिंदुस्थानची जेझेबेल ठरवले. जेझेबेल ही बायबलमधील राणी, मरणापूर्वी डोळे रंगवून नटणारी आणि ख्रिस्ती परंपरेत निर्लज्ज स्त्रीचे प्रतीक बनलेली. आरोप हत्येचा होता, शिवी मात्र चारित्र्याची निवडली गेली. ह्यूम निस्बेटच्या 1893 च्या ‘द क्वीन्स डिझायर’ या कादंबरीत राणी भोगासक्त स्त्री म्हणून रंगवल्या गेल्या, आणि 1975 मध्येही जॉर्ज मॅकडॉनल्ड फ्रेझरच्या कादंबरीतील फ्लॅशमनला त्या मोहिनी घालतच होत्या. याउलट ज्याला त्यांच्याशी प्रत्यक्ष लढावे लागले त्या ह्यू रोझने आपल्या अहवालात शौर्य, हुशारी, चिकाटी आणि हाताखालच्या लोकांविषयीचे औदार्य मोजले, आणि त्यांना बंडवाल्या पुढाऱ्यांत सर्वांत धोकादायक म्हटले. शत्रूच्या सेनापतीला तरी असेच लिहावे लागते.

मराठी साधनांत पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वेगळा ठरतो. वेढ्याच्या काळात झाशीत असलेल्या या भिक्षुकाला राणींचा व्यायाम, घोडदौड, पूजा आणि दरबार दिसतो. देहाचा प्रश्न त्यालाही पडतो, पण तो वैधव्याच्या आचाराचा असतो, म्हणून केस राखल्याबद्दल राणी रोज प्रायश्चित्ताचे उदक सोडीत, ही बारीक गोष्ट तो नोंदवतो. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्याला भेटतात त्या धुळीने माखलेल्या, तहानलेल्या, पुरुषी वेषातील राणी. तो पाणी काढून देऊ लागतो, पण त्या त्याला थांबवून स्वतःच पाणी काढतात आणि ओंजळीने पितात. गोडसे भटजी गप्पांना विटणारे मात्र नव्हते. गंगाधरराव बायकांचा वेष घेत, ही हकिगत त्यांनी चवीने सांगितली आहे आणि सारे संस्थानिक बांगड्या भरूनच बसले आहेत, अशा आशयाचे उत्तर महाराजांच्या तोंडी घातले आहे. पुरुष राजाही या नजरेतून सुटला नाही. फरक इतकाच, की त्याची नालस्ती राज्याबरोबरच संपली.

दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी 1894 च्या चरित्रात राणींवरील किटाळ दूर करण्याचा नेटाने प्रयत्न केला. तो आवश्यक होता. पण आरोपाला उत्तर देणाऱ्या या परंपरेत राणी हळूहळू केवळ साध्वी आणि माता उरल्या, आणि पाठीशी मूल बांधलेली घोडेस्वार हे त्यांचे ठरीव रूप झाले. जून 1857 ते एप्रिल 1858 या दहा महिन्यांत त्यांनी ओरछ्याच्या नथे खाँची चढाई परतवली, तोफा ओतवल्या, शहर वेढ्यासाठी सज्ज केले. स्मारकांवर यातले फारसे येत नाही. कादंबरीतही कारभार असाच मागे पडला. कंपनीचा अधिकारी एलिस याने 1853 मध्ये दत्तकाच्या बाजूने मत दिले ते तहाच्या कलमांवर आणि ओरछ्याच्या दत्तकाच्या दाखल्यावर बोट ठेवून, पण जयश्री मिश्रा यांच्या ‘रानी’ या कादंबरीत राणी आणि एलिस यांच्यातील अनुराग रंगवला गेला, आणि 2008 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने तिच्यावर बंदी घातली. बंदीने राणींचा मान राखला असे सांगितले गेले; वस्तुतः त्या वादातही दोन्ही बाजूंना राणींच्या कारभाराशी काही कर्तव्य नव्हते.