मातीच्या तटाचे बळ

आपल्या खंडाळा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नीरा वाहते. हीच नदी खाली बारामतीकडे गेली की तिच्या काठी होळ हे गाव लागते. होळकर हे आडनाव ह्याच गावावरून पडले. ह्या घराण्यातील यशवंतराव १८०४ च्या अखेरीस इंग्रजांशी झुंजत भरतपूरच्या जाट राजाकडे आश्रयास गेले.

पुढील जानेवारी-फेब्रुवारीत जनरल लेकने भरतपुरावर चार हल्ले चढविले. चारही फसले. त्याची तीन हजारांहून अधिक माणसे ठार वा जायबंदी झाली. रक्षकांचे शौर्य खरे, पाण्याचा खंदकही खरा. परंतु जाड मातीच्या तटाचे श्रेय विसरता कामा नये.

असे का व्हावे? दगडातून धक्का झपाट्याने पुढे जातो आणि दगड तडकतो. मातीच्या कणांमध्ये मात्र हवेच्या पोकळ्या असतात. आघात होताच कण एकमेकांवर घासतात, पोकळ्या दबतात आणि आघाताची बरीच शक्ती तेथेच खर्ची पडून तिची उष्णता होते. स्फोटाच्या लाटेपासून इमारत वाचविण्यास वाळूची पोती किंवा सच्छिद्र थर लावतात, ते ह्याच न्यायाने. मात्र थर पातळ असला, तर पोकळ्या लवकर मिटतात आणि उरलेला जोर भिंतीवर येतो.

१८ जानेवारी १८२६ रोजी इंग्रजांनी त्याच तटाखाली प्रचंड सुरुंग उडविला आणि भरतपूर पडले. बाहेरचा घाव सोसणारी माती पोटातल्या स्फोटापुढे टिकली नाही. म्हणून तट बांधणाऱ्याने घाव कोणत्या बाजूने येईल, हे आधी पाहावे.