तरंगणारी गाभोळी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील कोळी आणि पंडित यांचे एका बाबतीत एकमत होते: मासा अंडी घालतो ती समुद्राच्या तळाशी. हेरिंगची चिकट अंडी दगडगोट्यांना बिलगलेली सापडत. त्यावरून इतर माशांचेही तसेच असावे असा तर्क रूढ झाला होता.

या समजुतीला धक्का दिला तो गेओर्ग ओसियान सार्स या तरुण नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाने. १८६४ मध्ये सरकारने त्याला कॉडच्या मासेमारीचा अभ्यास करण्यासाठी लोफोटेन बेटांकडे पाठवले. तेथे त्याला कॉडची अंडी सापडली ती तळाशी नव्हे, पाण्याच्या पृष्ठभागावर! जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाचे हे पारदर्शक मणी पाण्यात सहज नजरेस पडत नाहीत. ती तरंगतात याचे कारण पुढे उमगले. पक्व होताना अंडे पुष्कळ पाणी शोषून घेते आणि त्या पाण्यात समुद्रापेक्षा मीठ फार कमी असते. म्हणून ते भोवतालच्या पाण्याहून किंचित हलके ठरते.

हा शोध केवळ प्राणिशास्त्राचा राहिला नाही. तळ खरवडत जाणारी ट्रॉल जाळी माशांची अंडी चिरडतात, त्यामुळे मासा घटतो, अशी ब्रिटनमधील लहान कोळ्यांची जुनी तक्रार होती. १८८३ मध्ये नेमलेल्या डलहौसी आयोगासाठी सेंट अँड्र्यूजच्या मॅकिंटॉश यांनी प्रत्यक्ष समुद्रावर पाहणी केली. खाण्याच्या बहुतेक माशांची अंडी तरंगतात, हेच त्यांनाही आढळले. जाळे तळाशी आणि अंडी वर; तक्रारीचा पायाच निखळला. त्याच वर्षी लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सली यांनी मोठ्या सागरी मासेमारीचे साठे न संपणारे असल्याचे सांगितले.

येथे इतिहासाची गंमत, खरे तर शोकांतिका, दिसते. कोळ्यांनी दिलेले कारण चुकीचे होते, पण मासा घटतो आहे हे त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. अंडी सुरक्षित असली तरी ती घालणारा मासाच अतोनात पकडला जात होता. अशिक्षितांचा युक्तिवाद खोडून काढणे सोपे असते. त्यामागचा अनुभव मात्र त्याने खोटा ठरत नाही.

पुढे प्रश्न अधिक सूक्ष्म झाला: अंडी नेमकी किती खोलीवर असतात? स्वाइन सुंदबी यांनी १९८३ मध्ये त्याचे गणित मांडले. शांत हवेत अंडी पृष्ठभागाशी दाटतात. वारा सुटला की घुसळण त्यांना खाली ढकलते. बाल्टिक समुद्रात मात्र निराळेच संकट आहे. तेथील वरचे पाणी इतके अळणी, हजारात सुमारे सात भाग मिठाचे, की त्यात कॉडचे अंडे बुडते. ते खालच्या खारट थरात जाऊन स्थिरावते आणि त्या थरात प्राणवायूचा तुटवडा असतो. उत्तर समुद्राचे खारे पाणी अधूनमधून आत आले तरच अंडी जगतात. पूर्व बाल्टिकमधील कॉडची दशा अखेर इतकी खालावली की जुलै २०१९ मध्ये युरोपीय आयोगाला त्याच्या मासेमारीवर तातडीची बंदी घालावी लागली.

तरंगणे म्हणजे तरणे नव्हे. सार्सच्या शोधाने अंड्यांची जागा सांगितली. त्यांच्या भवितव्याची हमी दिली नव्हती. ती हमी त्यात वाचली, ती वाचणाऱ्यांनी.