दंग्यातून उभे राहिलेले आश्रयस्थान

मुंबईत भुलेश्वरच्या गजबजाटात पांजरपोळ ही जुनी संस्था आहे. तेथे गाईस चारा घालून पुण्य जोडणारे नित्य येतात. परंतु या संस्थेचा उगम मोकाट कुत्र्यांवरून झालेल्या दंग्यात आहे, हे त्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारावीत, असा नियम इंग्रज सरकारने १८१३ साली मुंबईत केला. त्यास केवळ क्रौर्य म्हणून मोकळे होणे न्यायाचे नव्हे. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे त्या काळी मृत्यूच. पाश्चर यांनी मनुष्यावर लशीचा पहिला प्रयोग केला तो १८८५ साली. अनर्थ ओढवला तो बक्षिसामुळे. कुत्र्यामागे आठ आणे मिळू लागताच पिसाळलेले कोणते आणि निरोगी कोणते, मोकाट कोणते आणि पाळलेले कोणते, हा विवेक मारेकऱ्यांस उरला नाही. त्यात १८३२ साली ही मुदत १५ जूनपर्यंत लांबविण्यात आली.

६ जून हा पारशांच्या पवित्र दिवसांपैकी एक होता. पारशी धर्मात श्वानाची योग्यता मोठी; मृताच्या देहावर श्वानाची दृष्टी पडावी, यासाठी 'सगदीद' हा स्वतंत्र विधीच आहे. अशा दिवशी दारापुढे कुत्री मारली जात असलेली पाहून जमाव खवळला व त्याने शिपायांस चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. जैन, हिंदू व इस्माइली मंडळीही पारशांस येऊन मिळाली आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडविली गेली. अखेर लष्कर बोलवावे लागले. धरपकड झाली, तथापि सरकारलाही एक पाऊल मागे घ्यावे लागले : कुत्री न मारता शहराबाहेर नेऊन सोडावीत, असे ठरले.

पण बाहेर सोडलेल्या मुक्या जिवास खाऊ कोण घालणार? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १८३४ साली जमशेटजी जीजीभाई व जैन व्यापारी यांनी पांजरपोळ स्थापिली. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या मुलखात घरोघर सांगतात, तेथे या कार्याचे नवल वाटावयास नको. मात्र एक उणीव स्पष्ट दिसते. पांजरपोळीत प्राण्यास आमरण अन्न मिळे. पुन्हा एखाद्या कुटुंबात त्याचा प्रवेश व्हावा, हा तिचा हेतूच नव्हता.

तो हेतू लंडनमध्ये दिसला. १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी हॉलोवे भागातील एका तबेल्यात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी आश्रम काढला. माणसे उपाशी असता कुत्र्यांचे हे कोडकौतुक कशाला, म्हणून वृत्तपत्रांनी त्यांची टवाळी केली. उलट चार्ल्स डिकन्स यांच्या नियतकालिकात १८६२ साली आश्रमाची बाजू घेणारा लेख आला. मालक आल्यास त्यास कुत्रे परत द्यावे, न आल्यास नव्या घरी द्यावे, अशी तेथील रीत. १८७१ साली आश्रम बॅटरसी येथे गेला आणि १८८३ पासून मांजरांसही तेथे थारा मिळाला. या व्यवस्थेची काळी बाजूही लपविण्याजोगी नाही. पोलिसांनी धरून आणलेल्या असंख्य कुत्र्यांस कोणी नेले नाही, व त्यांचा तेथेच शेवट करण्यात आला. मुंबईने जीव राखला पण घर दिले नाही. लंडनने घर दिले, पण ज्यास ते मिळाले नाही त्याचा जीव राखला नाही.

पुढे २००१ साली भारत सरकारच्या नियमांनी तिसरी वाट घालून दिली. कुत्रे धरावे, शस्त्रक्रियेने त्याची प्रजोत्पत्ती थांबवावी, लस टोचावी आणि जेथून आणले तेथेच त्यास सोडावे. धडधाकट कुत्र्यास ही वाट सोयीची झाली. परंतु मोटारीखाली पाय गेलेले कुत्रे, आई मेलेली पिले, बिऱ्हाड हलविताना मालकाने मागे टाकलेली मांजर, यांस परत सोडावे अशी गल्लीच नसते. निवाऱ्यांतील पिंजऱ्यांत कोणी न्यावयास येईल म्हणून थांबलेली असतात, ती बहुधा हीच.