मिठाचा नमुना

पेणच्या मिठागरांचे जुने कागद मी अनेक वर्षे वाचत आलो. प्रत्यक्ष मीठ मात्र फार उशिरा तपासले, आणि तेही भाचीमुळे.

रोह्याच्या आमच्या घरी मिठाच्या दोन बरण्या असत. लोणच्याला, मासळीला जाडे मीठ. रोजच्या जेवणाला बारीक. ‘‘जाडं तेच शुद्ध. समुद्राचं आहे, आयोडीन त्यात असतंच,’’ असे आई म्हणे. एका व्याख्यानात मीही तेच ठोकून दिले. ते ऐकून गरोदर भाचीने बारीक मीठ बंद केले. गर्भाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागते हे वाचल्यावर माझी झोप उडाली.

धरमतर खाडीचे भरतीचे पाणी आगरात आटू लागले की आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम बसते, मग मीठ धरते. मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटच्या पाण्यात उरतात. ते पाणी वेळेवर सोडले नाही तर मीठ कडवट होते, पावसाळ्यात पाझरते. म्हणजे आगराचे मीठ हे मिश्रणच. समुद्राच्या एका लिटरात क्षार सुमारे 35 ग्रॅम, आयोडीन मात्र ग्रॅमचा वीस हजारावा भाग. तेही स्फटिकात फारसे येत नाही. बर्नार कुर्त्वाला 1811 मध्ये आयोडीन सापडले ते मिठात नव्हे, समुद्रशेवाळाच्या राखेत. शेवाळ ते पाण्यातून शोषून साठवते.

मी वाचलेल्या कागदांत मात्र वजन, कर आणि पहारा यांचाच पसारा. 1882 मध्ये मणामागे कर 2 रुपये, 1888 मध्ये अडीच. 1890 मध्ये मुंबई मीठ कायदा. कर उठला 1947 मध्ये. मिठात आयोडीन घालण्याचा विचार पुढचा: 1956 पासून कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवले आणि 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या मिठात दहा लाख भागांत किमान 15 भाग आयोडीन अपेक्षित आहे. टनभर मिठाला पोटॅशियम आयोडेट लागते जेमतेम 50 ग्रॅम.

एवढे थोडे द्रव्य पोत्यात सारखे पसरेलच असे नाही. ओलसर मिठात ते खाली उतरते. म्हणून वरचा एक चमचा पुरत नाही. तपासणीचा संच आणून जाड्या मिठाच्या बरणीतून वरून, मधून, तळातून मीठ घेतले, एकत्र ढवळले आणि थेंब टाकले. रंग आला नाही. बारीक मीठ मात्र जांभळट निळे झाले. आम्ल आणि आयोडाइडमुळे आयोडेटमधले आयोडीन सुटते आणि पिष्टाला तो रंग देते.

त्याच संध्याकाळी भाचीला फोन केला. व्याख्यानातली चूकही पुढच्या सभेत उभा राहून सांगितली. कुणीतरी विचारले, ‘‘मग शुद्ध मीठ कोणते?’’ मी म्हटले, नुसते सोडियम क्लोराइड. पण घरात हवे ते त्यात जाणूनबुजून आयोडेट मिसळलेले.