मूलभूत कारक कौशल्ये (बालविकास)

मूलभूत कारक कौशल्ये म्हणजे धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे, तोल सांभाळणे, फेकणे व झेलणे यांसारख्या पायाभूत हालचाली सहजतेने करता येणे होय. ही कौशल्ये साधारणपणे २ ते ७ वर्षे या वयात आकार घेतात. ती वयाबरोबर आपोआप येतात, हा समज अपुरा आहे. परिपक्वतेबरोबर मोकळी जागा, सराव व मार्गदर्शनही लागते.

वय आणि क्रम

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांच्या निरीक्षणावरून २००६ मध्ये कालमर्यादा प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार निरोगी मूल आधाराविना चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा विस्तृत आहे. काही मुले हातगुडघ्यांवर रांगतच नाहीत, त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना फारशी उपयोगाची नसते.

सराव

तीन वर्षांचे मूल बहुधा केवळ हाताने चेंडू फेकते. विरुद्ध पाय पुढे टाकून, कंबर वळवून फेकणे नंतर येते. झेलताना ते आरंभी चेंडू छातीशी कवटाळते व तोंड फिरवते. अशा वेळी चिंध्यांचा मोठा, मऊ चेंडू जवळून द्यावा. खडूने आखलेल्या रेषेवरून चालणे तोलासाठी पुरेसे असते.

चालण्याच्या सरावासाठी महाराष्ट्रात लाकडी पांगुळगाडा वापरात होता. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. आत बसवण्याच्या आधुनिक वॉकरमध्ये पायांवर पूर्ण भार येत नाही, शिवाय मूल जिन्यावरून कोसळण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरवर बंदी घातली.

महाराष्ट्रातील प्रयोग

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडला हलले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने टाळून त्यांनी परिसरातील वस्तू वापरल्या आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली.

खानदेशातील संदर्भ

आखाजीला (अक्षय्य तृतीया) खानदेशात झाडांना झोके बांधले जातात. झोका घेताना तोल व पकड दोन्ही लागतात. मात्र भुसावळसारख्या गावी उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, त्यामुळे मैदानी खेळ सकाळी लवकर उरकावे लागतात. उरलेल्या वेळात घरातील सतरंजी, उशा व ओटा यांवर भागवता येते. तीन-चार वर्षांच्या मुलास तासन्‌तास पाटीपेन्सिल देऊन बसवणे हा त्याला पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार या वयात दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल हवी. त्यांपैकी ६० मिनिटे दमवणारी असावीत.

विलंब आढळल्यास

दीड वर्षानंतरही मूल चालत नसेल, किंवा येत असलेली हालचाल नाहीशी झाली, तर बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित असून पुढील उपचार जिल्हा पातळीवरील केंद्रात होतात.