मुंगसाचा जीव

मुंगूस आडवे गेले की काम होते, अशी आमच्या लहानपणी ठाम समजूत होती. ते दिसले की आम्ही पोरे त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. गणिताच्या पेपरात त्याचा काडीचा उपयोग होत नसे, हा भाग निराळा. या प्रेमामागे खरी होती ती गोष्ट. बाळ पाळण्यात, साप येतो, मुंगूस त्याचे तुकडे करते आणि रक्ताळल्या तोंडाने शाबासकी घ्यायला दारात धावते. पाणी घेऊन आलेली आई ते तोंड पाहते आणि घागर त्याच्यावरच आदळते. आम्ही भोकाड पसरायचो, आणि दुसऱ्या रात्री आजीकडे तीच गोष्ट मागायचो.

वास्तविक ही पोरासोरांची गोष्टच नव्हे. विष्णुशर्म्याने पंचतंत्र सांगितले ते एका राजाच्या तीन मठ्ठ चिरंजीवांना, सहा महिन्यांत राजनीती शिकवून दाखवतो अशा बोलीवर. (खाजगी क्लासवाल्यांनी त्याची तसबीर लावायला हवी.) पाचव्या तंत्राचे नावच 'अपरीक्षितकारक', म्हणजे चौकशी न करता हात चालवणारा. उद्या गादीवर बसाल, एखाद्या इमानी माणसाचे डोके उडवायची हुक्की येईल, तेव्हा आधी दोन प्रश्न विचारा, एवढेच पंडितजींना सांगायचे होते. मुंगूस गेले ते त्या धड्याच्या फीपोटी.

बरे, मारले कुणी? पंचतंत्राच्या प्रचलित पाठात आईने. आणि मारून झाल्यावर ती नवऱ्यावरच उखडते, की तुम्ही भिक्षेच्या लोभाने घर सोडलेत म्हणून हे झाले. हितोपदेशात घागर नाहीच. तिथे बायको स्नानाला गेलेली, उज्जयिनीचा माधव ब्राह्मण बाळाजवळ, आणि तेवढ्यात राजाकडून श्राद्धाचे बोलावणे. दक्षिणा दुसराच कुणी लाटील या धास्तीने तो पळतो आणि परत आल्यावर स्वतःच मुंगसाला मारतो. खून एक, आरोपी दोन. आमच्या आजीने आईला दोषी धरले होते. आजोबा तेव्हा ओटीवर अडकित्ता चालवीत असत. निकालावर ते खूष असावेत असा माझा अंदाज आहे.

सहाव्या शतकात इराणच्या नौशेरवान बादशहाच्या बुर्झोय नावाच्या वैद्याने हे पुस्तक पहलवीत नेले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्याचे अरबी केले, 'कलीला व दिम्ना'. पुढे गोष्ट युरोपात पोचली. तिथे मुंगूस कुणाच्या बापाने पाहिलेले नाही, तेव्हा त्याचा कुत्रा झाला. आणि मग मोठी गंमत झाली. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये लियाँजवळच्या खेड्यांत एतिएन द बुर्बाँ हा धर्मगुरू फिरत होता. आयाबाया आजारी पोरे घेऊन गिनफोर नावाच्या संताकडे जातात, असे त्याच्या कानी आले. चौकशी केली तर संत निघाला शिकारी कुत्रा! बाळासाठी सापाला मारून मालकाच्या हातून मेलेला. धर्मगुरूने हाडे उकरून जाळली, भोवतीची झाडेही तोडून जाळली. बायका तरीही जातच राहिल्या, थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत. राजनीतीचा धडा त्यांनी खुशाल सोडून दिला होता. मला तर विष्णुशर्म्याच्या श्रोत्यांपेक्षा त्या अडाणी बायाच जास्त शहाण्या वाटतात.

वेल्समध्ये सापाचा लांडगा झाला आणि कुत्र्याचा गेलर्ट. बेडगेलर्ट गावात त्याची कबरही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या खाणावळवाल्याने गिऱ्हाइकासाठी ती उभारली असे मानतात. लोक अजून जातात, डोळे पुसतात आणि चहा मागवतात.

आमच्या घरी मात्र गोष्टीला आता बंदी आहे. "बाबा, झोपताना असलं नको हो. तिच्या पुस्तकात मुंगूस वाचतं," सूनबाई म्हणाली. मी पुस्तक पाहिले. घागरीचा नेम चुकतो, सगळे मुंगसाची माफी मागतात, मुंगूस दूध पिते. चित्रे छान आहेत. धाकट्या नातवाचे म्हणणे असे की मुंगूस पाळणेच वन्यजीव कायद्यात बसत नाही, तेव्हा आधी ब्राह्मणाला पकडा.

मला हसू आले, पण सूनबाईला मी हसणार नाही. आम्ही रडायचो ते चार मावश्या-आत्यांच्या गराड्यात. जवळ असेल तिच्या मांडीत डोके खुपसले की काम भागे. हिला दिवा मालवून खोलीत एकटे झोपायचे असते. तरीही नेम चुकला की ती गोष्ट उरत नाही, घागर तेवढी फुटते.

परवा सूनबाई बाजारात गेली असताना नातीने मला खरा शेवट सांगायला लावला. मी सांगितला. ती रडली नाही. बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "आबा, ते बाळ मोठं झाल्यावर त्याला कुणी सांगितलं का?"

त्याबद्दल विष्णुशर्म्याने अवाक्षर काढलेले नाही. मी तूर्त "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आहे.